एसेनगुलचं चाक झऱ्यावर पोचलं

एसेनगुलच्या पोटात दुखायला लागलं ते गावातल्याच ताश्तानच्या जीपची चाकं बघितल्यापासून. जीप तशा दोघांच्याही एकाच वयाच्या, एकाच रशियन कारखान्यातल्या. दोन्हींची दारं दोरीने बांधलेली. पण या वसंतात ताश्तानची चाकं तीन-तीन बोटं बाहेर आली होती. कुस्ती मारलेला गडी उभा राहावा तशी ती जीप अंगणात पाय फाकून उभी असायची.

"स्पेसर बसवलेत, एसेन अके," ताश्तान म्हणाला. तो चार वर्षांनी लहान, म्हणून मोठ्या भावाला म्हणावं तसं अके म्हणायचा. पण त्या अकेनेही एसेनगुलला ठसका लागायचा. "हब आणि चाक यांच्यामध्ये लोखंडाची जाड चकती घालायची. खिंडीत ट्रकच्या चाकोऱ्या रुंद, आपली जीप अरुंद. एक चाक खड्ड्यात, एक उंचवट्यावर. आता कसं, दोन्ही खड्ड्यात!"

"छान. खड्ड्यात जायची हौस तुला आधीपासूनच," एसेनगुल म्हणाला आणि घरी आला. पण जेवण काही गेलं नाही. बोरसोक, म्हणजे तळलेले कणकेचे गोळे, सातच खाऊन तो उठला. एरवी वीस खायचा.

दुखणं नुसत्या चाकांचं नव्हतं. दर उन्हाळ्यात सगळं गाव खिंड ओलांडून वरच्या कुरणावर जातं. जो पहिला पोचतो तो झऱ्याकाठी आपला चाबूक टाकतो, आणि उन्हाळाभर झऱ्याजवळची जागा त्याची. घोड्यांच्या काळापासून हे असंच. आता घोडे कमी झाले, पण चाबूक प्रत्येक जीपमध्ये असतो. एकोणीस वर्षं झऱ्याकाठी एसेनगुलचा तंबू होता. पाण्याला येणारी प्रत्येक बाई त्याच्या दारावरून जायची, प्रत्येक बातमी आधी त्याच्या कानावर पडायची. आणि यंदा गावात लोक आत्ताच म्हणायला लागले होते, "झरा ताश्तानचा बरं का!"

ताश्तानचे स्पेसर उस्ताद ओमुरकुलने लेथवर घडवले होते. म्हातारा गावातला एकमेव कातारी. पण त्याच्याकडे जायचं म्हणजे ताश्तानची नक्कल केली असं होणार. एसेनगुल तालुक्याच्या बाजारात गेला, तिथल्या पातेली ओतणाऱ्याकडे.

"तीन बोटं जाड?" पातेलीवाल्याने विचारलं.

"त्याचे तीन आहेत. माझे पाच कर."

"पाचाला ॲल्युमिनियम लागेल पुष्कळ."

ॲल्युमिनियम एसेनगुलने घरूनच नेलं होतं. बायकोच्या, सायराकानच्या, माहेरून आलेला, मांती म्हणजे खिम्याचे मोदक वाफवायचा चार मजली डबा. त्या डब्यातल्या मांत्या खाऊन तीन सोयरिकी जमल्या होत्या, एवढा तो मोठा. चार मजल्यांचे चार स्पेसर झाले. आता कुणी म्हणेल, एवढ्यात कसं भागलं? तो डबा बघितला नाही, म्हणूनच असं म्हणेल.

नवीन वस्तूला शेपटीची चरबी लावायची आपल्याकडे रीत. पाळण्याला लावतात, खोगिराला लावतात. ताश्तानने बॉनेटला बोटभर लावली होती. म्हणून एसेनगुलने अख्खी मेंढीची शेपटी घेतली आणि स्पेसरच्या दोन्ही अंगांना, हबला, नटांना, सगळ्याला चोपडली. मग वर चाकं चढवली. पाच बोटांच्या जाडीमुळे नटांना जेमतेम दोन आटे मिळाले. पण बाहेरून बघाल तर काय थाट! जीप नव्हे, खेकडा.

निघायच्या सकाळी सायराकान डबा शोधत होती.

"अहो, माझा मांतीचा डबा दिसला का?"

"येतोय तो आपल्याबरोबरच," एसेनगुल म्हणाला. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

गाड्या सुटल्या. ताश्तान पुढे, एसेनगुल मागे त्याची धूळ खात. पन्नास किलोमीटरवर, खिंडीच्या पायथ्याशी, ताश्तान चक्क थांबला! उतरला, पाना काढला आणि एकेक नट आवळायला बसला.

"अके, तुम्हीही थांबा!" तो ओरडला. "नवीन स्पेसर पन्नास किलोमीटरला आवळायचाच, उस्तादांनी सांगितलंय. बसता बसता सैल पडतो!"

"तू बस शिवण टिपत, सूनबाई!" एसेनगुल ओरडला आणि धूळ उडवत पुढे निघाला. एकोणीस वर्षांत एवढा आनंद त्याला कधी झाला नव्हता.

चढ संपायच्या आधीच टक टक सुरू झालं.

"काहीतरी वाजतंय," सायराकान म्हणाली.

"तुझे दात."

"दात माझे मागच्या डाव्या चाकात नाहीत."

एसेनगुल मोठ्याने गायला लागला. गाणं वाढलं तशी टकटकही वाढली. त्याला आतून कळत होतं. पन्नास वर्षांचा माणूस, आवाज कळत नाही होय? पण थांबायचं म्हणजे ताश्तानने सांगितलेलं ऐकायचं. त्यापेक्षा गाणं बरं.

खिंड ओलांडली, उतार लागला. खाली झरा चमकत होता.

"अहो," सायराकान खिडकीतून बघत म्हणाली, "हे कुणाचं चाक चाललंय?"

चाक शेजारून आलं, क्षणभर बरोबरीने धावलं आणि पुढे गेलं. मग जीप मागच्या डाव्या अंगाला बसली, दगडावर करकरली, आडवी झाली, घसरली. एसेनगुलने स्टिअरिंग वळवलं, ब्रेक दाबला, अल्लाचं नाव घेतलं. जीप थांबली तेव्हा सायराकानच्या बाजूचं दार दरीवर उघडत होतं.

गाणं थांबलं. सायराकानने खाली बघितलं, मग नवऱ्याकडे. एसेनगुलचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

"माझ्या बाजूने ये," तो कसाबसा म्हणाला. "हळू. दार उघडू नको तिकडचं."

ताश्तान पोचला तेव्हा दोघं रस्त्यावर बसले होते. त्याने आधी दोरखंड काढून जीप दगडाला बांधली. मग हबवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"चरबी? आतून? अके, धातूला धातू कोरडा भिडावा लागतो, नाहीतर नट धरणार कशाला? आणि हे स्पेसर…" त्याने तुटकी चकती उचलली. तिच्या कडेला निळ्या फुलांची नक्षी होती. पातेलीवाल्याने नीट वितळवलंच नव्हतं.

सायराकानने ती चकती हातात घेतली. बराच वेळ नक्षीवर अंगठा फिरवला.

"माझा डबा," ती म्हणाली.

दरीपेक्षा एसेनगुलला त्या दोन शब्दांची जास्त भीती वाटली.

ताश्तानच्या जीपमध्ये बसून ते खाली आले. एसेनगुलला मागे मेंढ्यांबरोबर जागा मिळाली. ताश्तानने चाबूक काढला, झऱ्याकडे चालत गेला आणि थबकला. झऱ्याच्या बरोबर मधोमध चाक आडवं पडलं होतं, आणि त्याच्या मधल्या भोकातून पाणी कारंज्यासारखं उडत होतं. खोटं वाटत असेल तर उस्ताद ओमुरकुलला विचारा. तो आदल्या दिवशी गाढवावरून पलीकडच्या कुरणात भाचीच्या कळपावर आला होता. त्याने डोळ्यांनी बघितलं. न्यायही त्यानेच दिला.

"चाबूक काय आणि चाक काय. वस्तू एसेनगुलची, आधी पोचली. झरा त्याचा."

म्हणजे जिंकला. पण उन्हाळाभर पाण्याला येणारी प्रत्येक बाई आधी विचारायची, "हेच का ते चाक?" आणि त्याला लोण्याचं बोट लावून जायची. पाहुणे चाकाशेजारी फोटो काढायचे. एसेनगुलला म्हणायचे, जरा बाजूला व्हा. रोज सकाळी तो चाकाकडे बघायचा आणि पोटात दुखायचं.

शेवटी एक दिवस तो गुपचूप ओमुरकुलकडे गेला. सायराकानला नवा डबा आधीच आणून दिला होता, सहा मजली.

"लोखंडाचे," तो म्हणाला. "तीन बोटंच. त्याच्याएवढे."

"मध्ये चरबी?"

"नाही."

पुढल्या उन्हाळ्यात खिंडीच्या पायथ्याशी दोन जीप थांबल्या. दोघं गडी उकिडवे बसून नट आवळत होते. एसेनगुलने सगळे आवळले, पुन्हा एकदा तपासले. मग तिरक्या नजरेने पलीकडे बघितलं.

ताश्तानचा पाना त्याच्यापेक्षा वीतभर लांब होता.