शहामृगाची नजर

"शहामृगाची मादी अंड्यावरची नजर क्षणभरही काढत नाही," चर्चच्या वेदीसमोर टांगलेल्या पांढऱ्या अंड्याकडे छडी रोखत तासोनी इनसाफ म्हणाली. "नजर ढळली की अंडं नासलं. देवाकडे आपणही असंच बघायचं."

"मग ती शी-शूला कधी जाते?" पाच वर्षांच्या येऊस्तिनाने विचारलं.

तासोनी म्हणजे ताई. शुक्रवारच्या धर्मवर्गात हा प्रश्न आजवर कुणी काढला नव्हता.

"तेवढा वेळ नर बघतो."

"नर नसला तर?"

तासोनीने खोक्यातला कापूस सारखा केला. कोंबडीची, बदकाची, कबुतराची अंडी त्यात मांडलेली होती. कोंबडीची तर ढिगाने होती. ईस्टरआधीचा मोठा उपास चालू होता, इजिप्तमधल्या मिन्याच्या त्या अख्ख्या गावात अंड्याला कुणी शिवत नव्हतं. कोंबड्यांना मात्र हे कुणी कळवलं नव्हतं. खोक्याला टेकवून तिने फोन उभा केला होता. सणाला सुट्टी मिळाली की नाही, ते मेलबर्नहून तिचा मुलगा केरोलस आज सांगणार होता. दोन सण तिने एकटीनेच जेवून काढले होते.

"कोंबडी अंडं कशाला घालते?"

"उपास सोडायला," वर्गातला बाखूम म्हणाला.

तिने वाटाण्याएवढं अंडं तळहातावर घेतलं. "हे पालीचं. पाल भिंतीला अंडं चिकटवते आणि निघून जाते. कासवीण वाळूत पुरते, तीही जाते. पिल्लं आपली आपण नदी शोधतात."

"आईला न सांगता?"

"आई तिथे नसतेच."

"आणि अंडी नासत नाहीत?"

"नाहीत."

बाखूमने विचार केला. "मग शहामृगीणच येडी."

"ती येडी नाही," तासोनी जरा जोरात म्हणाली.

"तासोनी, तुम्ही सारखं फोनकडे का बघता?" येऊस्तिनाने विचारलं. तेवढ्यात तो वाजलाच.

"आई, सुट्टी नाही मिळाली गं," केरोलस म्हणाला. मागे कुणीतरी हसत होतं. "पुढच्या वर्षी बघू. काय करतेयस?"

"पोरांना अंडी दाखवतेय."

"ते टांगलेलं आहे अजून? मी तासन् तास बघत बसायचो. वाटायचं, आता फुटेल."

"आहे."

"बरं, ठेवतो. डबा खायचाय."

तिने फोन कापसात पालथा ठेवला. येऊस्तिना एव्हाना अंड्याच्या बरोबर खाली चटईवर उताणी पडून डोळे न मिटता वर बघत होती. मिटले असते तर नासलं असतं.

"तासोनी, याला खाली भोक आहे."

"माहीत आहे," तासोनी म्हणाली.

टांगण्याआधी भोक पाडून अंडं रिकामं करून घेतात. नाहीतर वास येतो.