मांडीवरची बॅग

अनोळखी माणसावर विश्वास ठेवा, असं लोकांना शिकवणारी छोटी फिल्म मी करतोय. शूटिंगला निघण्याआधी दाढी करायला कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये शिरलो. न्हावी परमुलखातला निघाला. असल्यांपासून चार हात लांब राहावं, ही आमच्या आत्याची शिकवण. त्यानं कॅमेऱ्याची बॅग खुंटीला अडकवायला हात पुढे केला, तशी माझ्या मनात पाल चुकचुकली. "राहू दे, मांडीवरच बरी," मी म्हणालो. मग खुर्चीत मान मागे टाकून डोळे मिटले, पण बॅगेचा पट्टा काही मुठीतून सोडला नाही.

वस्तरा गळ्यापाशी येऊन थांबला.

"साहेब," न्हावी शांतपणे म्हणाला, "गळा बिनधास्त दिलात माझ्याकडे. बॅगेत त्याहून महाग काय आहे?"