थोरल्याचे केस

रविवारी सकाळी नऊ वाजले की धाकटा सवयीने पहिल्या खुर्चीवरचा कपडा झटकायचा, आणि झटकून झाल्यावर त्याच्या लक्षात यायचं की आता या वेळेला थोरला येणार नाही. साडेतीन महिने झाले तरी हाताची खोड जात नव्हती. मग तो उगाच आरसा पुसायचा, कंगवे पाण्यात घालायचा, आणि बाकावर वाट बघत बसलेल्या गिऱ्हाइकाला जरा रागानेच म्हणायचा, "या, बसा." त्या बिचाऱ्याला कळायचं नाही की आपलं काय चुकलं.

पन्नाशीला टेकला होता तरी सगळी गल्ली त्याला धाकटाच म्हणायची. थोरला भाऊ आहे तोवर माणसाची त्यातून सुटका नाही. थोरला शिकला, साबणाच्या कारखान्यात साहेब झाला, टेबल-खुर्ची आणि काचेची केबिन मिळाली. धाकट्याने वडिलांची कात्री उचलली. तरी एक रविवाराआड सकाळी नऊला थोरला या सलूनमध्ये येऊन पहिल्या खुर्चीत बसायचा, हे तीस वर्षं चुकलं नव्हतं. दोघं फारसं बोलायचे नाहीत. थोरला डोळे मिटायचा, धाकटा कात्री चालवायचा, आणि अर्ध्या तासात दोघांचंही पोट भरल्यासारखं व्हायचं.

आता दारावर एक बोर्ड होता. 'कामगार बायकांना काढून टाकणाऱ्या नोटिशीवर सह्या करणाऱ्या चौघांना या दुकानात सेवा मिळणार नाही.' अक्षर धाकट्याचं होतं, आणि चौघांतला एक थोरला होता.

झालं होतं असं की कारखान्यात पॅकिंगची नवी मशीन आली आणि एका सकाळी गेटवर कागद चिकटवला गेला. बासष्ट बायका घरी. ना आधी सूचना, ना कुणाशी बोलणं. त्या बासष्टांत धाकट्याची बायको होती. अकरा वर्षं तिने साबणाच्या वड्यांना कागद गुंडाळले होते. तिच्या हाताचा वास धुऊनही जात नसे, आणि त्या वासाचा तिला अभिमान होता. कागदाखाली दिराची सही तिने गेटवर उभं राहून वाचली, आणि घरी येऊन एवढंच म्हणाली, "भाऊजींनी सही मात्र सुंदर केलीय हो."

गल्लीतले दुकानदार इस्त्रीवाल्याकडे जमले, धाकट्याबरोबर त्याची बायकोही आली. कारखान्यापुढे आपली ताकद ती काय, पण साहेबलोक चहा इथेच पितात, कपडे इथेच देतात, बूट इथेच शिवून घेतात. बायका परत कामावर जाईपर्यंत चौघांना कुणी काही द्यायचं नाही असं ठरलं. औषधवाल्याला वगळलं, कारण दुखण्याला बहिष्कार कळत नाही. हात वर करायची वेळ आली तेव्हा सगळे धाकट्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. त्याने बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती, म्हणजे तिने सगळं त्याच्यावर सोडलं होतं. त्याने हात वर केला.

पुढच्याच रविवारी नऊला थोरला आला. त्याला बोर्ड माहीत नव्हता असं नाही. धाकटा दारात उभा राहिला.

"आज नाही, दादा."

"आज नाही, की नाहीच?"

धाकट्याने बोर्डाकडे बोट केलं. थोरल्याने खिशातून चष्मा काढला, तो बोर्ड पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत सावकाश वाचला, आणि म्हणाला, "बरोबर लिहिलंयस." मग चष्मा मिटून खिशात ठेवला आणि आला तसा निघून गेला. त्याने भांडायला हवं होतं. दोन शिव्या घातल्या असत्या तर धाकट्याला रात्री झोप लागली असती.

त्यानंतर थोरल्याने कुठेच केस कापले नाहीत.

आधी ते कानांवर आले, मग कॉलरवर, मग वाऱ्यावर उडायला लागले. कारखान्याच्या वाटेवरून तो रोज सकाळी सलूनसमोरूनच जायचा, पलीकडच्या फुटपाथने. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, कारण वहिनी आता घरीच इस्त्री करत होती, आणि वर हे पाखराचं घरटं. गल्लीला आयतीच करमणूक झाली. इस्त्रीवाला म्हणाला, "साहेब कवी झाले वाटतं." चहावाली मावशी म्हणाली, "नाटक आहे सगळं. तुला लाजवायला फिरतोय तो. तू बघूच नकोस." धाकटा हसायचा आणि बघायचा. गिऱ्हाइकाच्या गालाला वस्तरा टेकवून तो आरशातून रस्ता बघायचा, आणि थोरला दिसेनासा झाला की मगच वस्तरा हलवायचा.

ते डोकं त्याच्या बोटांना पाठ होतं. मागे दोन भोवरे. आई म्हणायची, याची दोन लग्नं होणार, आणि वहिनी अजून त्यावरून टोमणे मारायची. डावा कान उजव्यापेक्षा थोडा खाली, म्हणून कडा मापाने कापल्या तर वाकड्या दिसायच्या; नजरेनेच जुळवाव्या लागत. आणि हे सगळं धाकटा शिकला होता ते त्याच डोक्यावर. त्यांच्या धंद्यात पहिली कात्री परक्याच्या केसांना लावत नाहीत. आधी घरचं डोकं. धाकटा तेव्हा चौदाचा, थोरला अठराचा, कॉलेजात नुकता जायला लागलेला, आरशासमोर तासतास भांग पाडणारा. वडिलांनी विचारलं, कोण बसतंय? थोरला मुकाट्याने येऊन बसला. धाकट्याने त्याची अशी दशा केली की कॉलेजात त्याला महिनाभर 'उंदराने कुरतडलेला' म्हणत. पंधरा दिवसांनी तो परत येऊन बसला. त्यानंतरही. वर्षभर तो तसलंच डोकं घेऊन कॉलेजात गेला, आणि घरी एकदाही तक्रार केली नाही. ते आठवलं की धाकट्याला आपल्याच सलूनमध्ये कोंडल्यासारखं व्हायचं. भावाची आठवण यायची ती अशी, बोटांच्या टोकांना.

एकदा निवृत्त मास्तर दाढीला बसले होते. तोंडभर साबण, तरी त्यांना बोलायचं होतंच.

"एक सांगू? रस्त्यावर दार उघडून बसलास ना, मग ते दार सगळ्यांना उघडं. आज तू सही बघून नको म्हणतोस. उद्या कुणी आडनाव बघून नको म्हणेल. तेव्हा कुठल्या तोंडाने भांडशील?"

चहा द्यायला आलेली मावशी दारातच थांबली. "आडनाव काय माणूस निवडून घेतो, मास्तर? सही त्याने पेनाचं टोपण काढून केली. आम्ही त्याच्या करणीला नाही म्हणतोय."

"असं? मग परवा त्याच्या बायकोला चहा का नाही दिलास? तिने कुठे सही केली होती?"

मावशीने ग्लास खाली ठेवला. "तेवढं चुकलंच माझं," ती म्हणाली. "पाय घसरतो हो माणसाचा, एकदा नाही म्हणायची सवय लागली की."

"तेच म्हणतोय मी," मास्तर म्हणाले आणि साबण तोंडात गेल्यामुळे खोकत बसले.

धाकट्याला दोघांचंही पटलं होतं, आणि दोघांचंही पटल्यामुळे काही सुटलं नव्हतं. घरी बायको होती. रोज सकाळी बाकीच्या बायकांबरोबर गेटसमोर बसायची, संध्याकाळी उन्हाने काळी होऊन यायची, आणि कधी चुकूनही विचारायची नाही की तुम्हाला भावाची आठवण येते का. विचारलं असतं तर त्याने खोटं सांगितलं असतं.

शेवटी एका रविवारी दुपारी त्याने सलून बंद केलं आणि सामानाची पिशवी घेऊन निघाला. बायको बायकांच्या बैठकीला गेली होती. वाटेत त्याने मनाची समजूत घातली होती. बोर्डावर 'या दुकानात' असं लिहिलंय. घर म्हणजे काही दुकान नव्हे. ठरल्याप्रमाणे सगळं पाळून होईल, आणि भावाचे केसही कापून होतील. वकिलालाही सुचली नसती अशी पळवाट त्याला सुचली होती, आणि तिची त्याला पूर्ण रस्ताभर लाज वाटत होती.

दार थोरल्यानेच उघडलं. जवळून तो म्हातारा दिसत होता. केस मानेवर रुळत होते, आणि कानामागे इतके पांढरे झालेले धाकट्याला माहीतच नव्हते. थोरल्याची नजर पिशवीवर गेली.

"ये. बस," तो म्हणाला. "तिला सांगून आलायस?"

"कुणाला?"

"तुझ्या बायकोला."

धाकट्याने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले.

"मग पिशवी उघडू नकोस," थोरला म्हणाला. "लपूनछपून केस कापून घ्यायला मी काय चोर आहे? आणि तूही काय चोर आहेस? दारात उभा राहून नाही म्हणालास तेव्हा मला राग आला होता, पण माझा भाऊ ताठ उभा आहे एवढं तरी दिसत होतं. आता हे असं नको करूस."

"दादा, ती सही मागे घे ना."

"सही मागे घेता येत नाही रे. वरून सांगितलं होतं, पण हात कुणी धरला नव्हता माझा. मी केली. मशीन आली की माणसं जातात, हे मला तेव्हाही बरोबर वाटलं होतं. आता तेवढं वाटत नाही." त्याने मानेवरचे केस मागे सारले. "पण आता वाटून काय उपयोग."

वहिनीने आतून पाणी आणलं, धाकट्याकडे बघून हसली, आणि दोघांना एकटं सोडून आत गेली. धाकट्याचे हात मांडीवर होते आणि त्यांना कुठे ठेवावं ते त्याला कळत नव्हतं.

"मग दुसरीकडे का नाही कापलेस?" त्याने विचारलं. "लोक म्हणतात, मला लाजवायला वाढवलेस."

थोरला पहिल्यांदा हसला. "लाजवायला कशाला? गेलो होतो ना, नाक्यापलीकडच्या त्या काचेच्या सलूनमध्ये. दोनदा गेलो. गळ्याभोवती कपडा बांधला, आणि त्या पोराने विचारलं, 'सर, कसे कापू?' मला सांगताच येईना. मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. कपडा सोडून उठून आलो. दोन्ही वेळा."

धाकट्याने खिडकीकडे तोंड केलं. समोर बसलेल्या माणसाच्या केसांत हात घालावा एवढंच त्याला वाटत होतं, इतकं वाटत होतं की त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मग तो म्हणाला, "कागद घे."

"कशाला?"

"घे तर. लिहून घे. मग तिथे वाचून दाखव."

थोरल्याने टेबलावरून वही ओढली आणि चष्मा लावला. धाकटा सांगू लागला, आणि थोरला शाळेतल्या पोरासारखा लिहू लागला.

"मशीन लावू नका. सगळं कात्रीनेच. मागे दोन भोवरे आहेत, तिथे फार छोटे करू नका, उभे राहतात. कानांवरची कड मापाने घेऊ नका, समोरून बघून घ्या, कारण डावा कान खाली आहे."

"डावा कान खाली आहे?" थोरल्याने वर पाहिलं. "माझा?"

"लिही. वरचे केस दोन बोटांत धरून बाहेर उरतील तेवढेच कापा. भांग डावीकडून, पण कंगवा कोरडा नको. मानेवर वस्तरा उलटा फिरवू नका, पुरळ उठतं."

थोरल्याने सगळं लिहिलं. त्याच सुंदर अक्षरात. मग वही लांब धरून एकदा वाचून काढलं. पाच-सहा ओळी झाल्या होत्या.

"एवढंच?" त्याने विचारलं.

"एवढंच," धाकटा म्हणाला.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगून टाकलं. ती भाजी चिरत होती. विळी थांबली.

"कापून आलात?"

"नाही. त्याने नको म्हटलं."

"आणि हो म्हटलं असतं तर?"

"तर कापले असते."

बायकोने विळीवरचं भाजीचं देठ उचलून बाजूला टाकलं. "खोटं बोलला असतात तर जास्त राग आला असता," ती म्हणाली, आणि पुन्हा चिरू लागली.

त्या आठवड्यात बुधवारी थोरला नेहमीच्या वेळी पलीकडच्या फुटपाथने गेला. केस कापलेले होते. धाकटा खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला तसाच टाकून दारात आला. थोरल्याची चाल सावकाश होती, आणि सलूनसमोर आल्यावर ती आणखी सावकाश झाली, पण त्याने मान वळवली नाही. धाकट्याने मानेवरची कड पाहिली. कान पाहिले, भोवरे पाहिले, भांग पाहिला. कुठेतरी बोट ठेवायला जागा असेल म्हणून तो भाऊ वळणाआड जाईपर्यंत डोळे बारीक करून शोधत राहिला. परक्या हाताने अगदी बरोबर कापले होते. एकही चूक नव्हती.