नव्या जोडप्याची जागा

“आई, हात खाली कर,” संगिता दबक्या आवाजात म्हणाली.

माझ्या बायकोने, बारकीने, हात तसाच ठेवला. वर माझंही मनगट धरून उचललं. आयर्लंडमधली टूरची बस होती. म्हातारा ड्रायव्हर माइकवर विचारत होता, नवं लग्न झालेलं कोणी आहे का. बारकीला ते जावयाने, दीपेशने, मराठीत सांगितलं होतं.

संगिता ड्रायव्हरला इंग्रजीत काहीतरी बोलली. लोक हसले.

“काय सांगितलंस?” मी विचारलं.

“आईला चेष्टा करायची सवय आहे, नवं लग्न आमचं झालंय, म्हटलं.”

दीपेशही हसला. त्यालाही ती चेष्टाच वाटली.

चेष्टा नव्हती. आमचं लगीन संगिताच्या लग्नाच्या थोडंच आधी झालं होतं. तलासरीकडे आमच्या पाड्यांवर असं पुष्कळ चालतं. माणसं एकत्र राहतात, मुलं होतात, गावजेवणाची ऐपत आली की लगीन. पण लेकीला हळद लागायच्या आधी आईबापाला लागली पाहिजे. लगीन लावणारी धवलेरी येऊन आमच्यासाठी गाणी म्हणून गेली. डहाणूच्या सासरी मात्र संगिताने काही कळू दिलं नव्हतं.

संगिता आयर्लंडमध्ये नर्स आहे. बारकीच्या हृदयाच्या तपासण्या झाल्या होत्या, काय आहे ते आम्हा तिघांना माहीत होतं. म्हणून दीपेशला नेताना तिने आम्हालाही थोडे दिवस नेलं.

बस समुद्राच्या कड्यापाशी थांबली. वाऱ्याने पदर टिकेना, म्हणून संगिताने आईला स्वतःचं जाकीट घातलं.

“आपल्या वाढवणचा समुद्र पायाशी येतो,” बारकी म्हणाली. “हा एवढा खाली का जाऊन बसलाय?”

मी हसलो. लेक हसली नाही.

दीपेश फोटो काढायला पुढे गेला, तशी बारकीने तिला गाठलं. “तुला आमची लाज वाटते?”

“लाज नाही गं. त्यांना समजायचं नाही. सासू विचारेल, मग ही कशी जन्मली?”

“सगळी जन्मतात तशीच. रडत.”

“आई, मस्करी नको.”

“मस्करी तू केलीस. गाव जेवलं, ढोल वाजला, मी हळद लावून बसले. ते काय चोरून होतं? केवढी वाट बघितली मी त्या दिवसाची.”

संगिताने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “तिला दम लागलाय. बसू दे.”

बारकी दगडावर बसली. संगिता शेजारी उभी राहून तिची नाडी बघत राहिली.

परतताना ड्रायव्हरने पुढच्या मोठ्या काचेजवळची जोडीची जागा दाखवून संगिता-दीपेशला बोलावलं. संगिता उठली, पण पुढे गेली नाही. तिथूनच मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. सगळ्यांनी वळून आमच्याकडे पाहिलं. मग टाळ्या वाजल्या.

“काय म्हणाली?” बारकीने दीपेशला विचारलं.

तो बायकोकडे बघत होता. सावकाश म्हणाला, “नवं लग्न माझ्या आईबापाचं झालंय, त्यांना बसवा, म्हणाली.” बारकीकडे वळला. “मग मला का नाही बोलावलं, आई?”

“तुझं जेवण राहिलं खरं,” बारकी म्हणाली. “गावाला आलास की घालते. तुझ्या आईलाही घेऊन ये.”

ते जेवण राहूनच गेलं. दिवाळीनंतर बारकी गेली.

त्या दिवशी बसमध्ये आम्ही पुढे जाऊन बसलो. सगळा रस्ता समोर होता. बारकीने पदर सारखा केला, ताठ बसली, आणि पहिलं गाव मागे पडायच्या आत माझ्या खांद्यावर झोपली. मेंढ्या गेल्या, दगडी कुंपणं गेली, ऊन पडलं आणि गेलं. तिला उठवून दाखवावं असं फार वाटलं. पण तिचा श्वास बऱ्याच दिवसांनी सरळ चालला होता. मी खांदा हलवला नाही.