मंगळवारचं बनियन

"निघाला! भाऊ, रोग निघाला!"

भिवंडीजवळच्या शेलार गावात एका पत्र्याच्या शेडमागच्या संडासातून एक म्हातारा लेंग्याची नाडी बांधत बाहेर आला आणि चक्क नाचायला लागला. "लालभडक! आईशपथ, लालभडक!" दीड-दोनशे माणसं टाळ्या पिटत उठली. दोघीतिघी म्हाताऱ्याच्याच पाया पडल्या. लघवीचं एवढं कौतुक मी जन्मात पाहिलं नव्हतं.

समोर चौथऱ्यावर भगव्या लुंगीतले भाऊ बसले होते. पन्नाशीचे, पोट सुटलेले, हातात माईक.

"डाक्टर रोगाचा काय करतो?"

"दाबतो!" गर्दी ओरडली.

"आन् भाऊ?"

"काढतो!"

"टीबीचं सडकं रगत हाय ते! भाऊचं तीर्थ त्याला कान धरून भायेर काढतं. पण डाक्टरचं जहर आधी या पेटीत टाकायचं. दोन मालक एका घरात चालत न्हाईत!"

रीत अशी होती. दर मंगळवारी सरकारी गोळ्यांच्या पट्ट्या पेटीत टाकायच्या. सकाळी नऊला एक पेला तीर्थ प्यायचं, त्यात कुंकू आणि भरपूर गूळ. पाणी म्हणे वज्रेश्वरीच्या गरम कुंडाचं. ते वीस लिटरच्या प्लास्टिकच्या जारमधून येत होतं आणि थंडगार होतं, पण एवढं कोण बघतो! मग बारापर्यंत भजन, आणि त्यानंतर एकेकाने मागे जाऊन चमत्कार बघून यायचा.

मी ओढणी तोंडावर घेऊन मागे बसले होते. शेजारी कौसल्या. तिच्या पिशवीत तिच्या नवऱ्याचं, जानूचं, एक बनियन होतं. हसण्यासारखं समोर खूप चाललं होतं, पण मला हसायचा हक्क नव्हता. का, ते आधी सांगते.

मी धम्मदिना. भिवंडीतल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात टीबीच्या गोळ्या देते. जानू काल्हेरच्या गोदामात हमाली करायचा. खोकला सुरू झाला तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरने तीन महिने त्याला बाटल्या पाजल्या आणि इंजेक्शनं टोचली. वजन उतरलं तेव्हा त्याला मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथे थुंकी तपासली. साधा टीबी, सहा महिन्यांत बरा होणारा. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, बाकी सगळं केंद्रातल्या मॅडम समजावतील. त्या मॅडम म्हणजे मी. आणि मी काय केलं? कार्डावर 'रुग्णास माहिती दिली' असा एक चौकोन असतो, त्यात बरोबरची खूण केली आणि पुढच्याला हाक मारली.

पंधरा दिवसांनी जानू दारात येऊन उभा राहिला. आत बायकांची रांग लागली होती.

"म्याडम, जरा बोलायचं व्हतं."

त्या दिवशी वरून साहेब येणार होते, आमच्या उपचारांचा दर्जा तपासायला. माझी कार्डं अर्धी रिकामी होती. मी मान वर न करता म्हणाले, "उद्या ये रे बाबा, आज मरायला फुरसत नाही."

तो गेला. साहेब आले. सगळ्या चौकोनांत खुणा बघून म्हणाले, "फर्स्ट क्लास काम, मॅडम." मी खुशीत घरी गेले. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

जानू दुसऱ्या दिवशी आला नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. मी दोनदा फोन लावला, लागला नाही. कार्डावर 'संपर्क होत नाही' लिहिलं आणि मोकळी झाले. त्याचं घर केंद्रापासून चालत वीस मिनिटांवर होतं.

दोन महिन्यांनी कौसल्या आली. रांग संपेपर्यंत कोपऱ्यात बसून राहिली. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? राग नका मानू."

"विचार."

"तुमच्या गोळ्या चालू झाल्या आन् यांना लाल लघवी व्हायला लागली. घाबरले, रगत पडतंय म्हणाले. तुम्हाला सांगायला आले व्हते, पण बायकांसमोर कसं बोलणार? मग शेजारच्यांनी शेलारच्या भाऊचं सांगितलं. भाऊ म्हणाला, गोळीनं जातंय ते चांगलं रगत हाय. माझ्या तीर्थानं जातंय ते सडकं."

वा रे वा! रंग तोच, पण डॉक्टरकडून गेला तर वाईट आणि भाऊकडून गेला तर पुण्य. मी तोंड उघडणार, एवढ्यात तिने पिशवीतून बनियन काढून टेबलावर पसरलं. काखेत आणि पाठीवर नारिंगी डाग होते.

"धुणं माझ्याकडं असतं ना, ताई. गोळ्या चालू व्हत्या तवा रोजचं बनियन असं व्हायचं. घामाचे डाग हे. गोळ्या सोडल्या, डाग गेले. आता नुसतं मंगळवारचं बनियन असं व्हतंय, ज्या दिवशी तीर्थ घेतात तवाच. मी म्हटलं, तुमची गोळी वेगळी, भाऊचं तीर्थ वेगळं, मग डाग एकच कसा?"

मी ते बनियन हातात घेतलं. या बाईने धुण्याच्या दगडावर जे ओळखलं, ते मला केंद्रात सुचलं नव्हतं. जानूला मी एक वाक्य सांगायला हवं होतं. फक्त एक.

म्हणून त्या मंगळवारी आम्ही दोघी शेलारला गेलो होतो. म्हाताऱ्याचं नाचणं संपलं तशी मी उठले. पुढच्या रांगेत जानू बसला होता, गालफडं बसलेली. मला बघून त्याने नजर खाली घातली. मी चौथऱ्याजवळ गेले, पेटीत हात घालून एक पट्टी काढली आणि साध्या पाण्याचा पेला मागितला. कुणीतरी दिलाही. गोळी फोडून मी त्यात ढवळली.

"बघा. मंत्र नाही, कुंड नाही. झालं ना लाल?"

मी पेला पुढच्या बाईच्या हातात दिला, तो हातोहात मागे गेला.

"ही टीबीची गोळीच लाल आहे. पोटात गेली की दोन-चार तासांत तिचा रंग लघवीत उतरतो, घामातही उतरतो. ते रक्त नाही. म्हणून तर हे भाऊ नऊला पाजतात आणि बारापर्यंत तुम्हाला भजनाला बसवतात! तुमच्याच गोळ्या कुटून तुम्हालाच पाजतात. रंग कुंकवात लपतो, कडूपणा गुळात."

"खोटं! तीर्थाची निंदा करते ही!" भाऊ माईकवर गरजले.

मी बोलत असताना कौसल्या चौथऱ्यामागच्या पडद्याआड शिरली होती, ती तेवढ्यात बाहेर आली. हातात खलबत्ता होता, तळाशी लाल पूड आणि वर रिकाम्या पट्ट्या. तिने तो सगळ्यांसमोर आणून ठेवला.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. पण भाऊ कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो हसला.

"बरं. गोळीच लाल हाय म्हणता. मग म्याडम, गोळ्या देताना या लोकांना सांगितलं का न्हाय? विचारा हिला! सांगितलं व्हतं कुणाला?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. जानूचेही. माझ्याकडे त्याचं खूण केलेलं कार्ड होतं, साहेबांनी शाबासकी दिलेलं. 'जानूला सांगितलं होतं' म्हणाले असते तर कुणी खोटं ठरवू शकलं नसतं, एक जानू सोडून.

"नाही सांगितलं," मी म्हणाले. "जानू विचारायला आला होता. मी त्याला परत पाठवलं. हा माणूस लबाड आहे, पण त्याच्या दारापर्यंत तुम्हाला मी पोचवलं. चुकले मी."

"मलाबी कुणी सांगितलं न्हाय," मागून एक बाई म्हणाली. मग दुसरी, मग तिसरा. नाचणारा म्हातारा पेटीपाशी येऊन आत बघत बसला. "माझ्या पट्ट्या कुठल्या ग, पोरी?" त्याने मला विचारलं, आणि माझे डोळे भरून आले. मी सगळ्यांना सांगितलं, पेटीतल्या खाऊ नका, उद्या केंद्रात या, पुन्हा तपासू. या गडबडीत भाऊ कधी सटकले ते कळलंच नाही. पोलिसांत तक्रार मी आणि कौसल्याने दिली.

जानूचा रिपोर्ट आठवड्याने आला. आठवड्यातून एक गोळी जंतूंना मारत नाही, उलट त्यांना गोळीला दाद न द्यायला शिकवते. तेच झालं होतं. मुख्य औषध त्याच्यावर चालेनासं झालं होतं. सहा महिन्यांत बरा होणारा माणूस आता जास्त कडक, जास्त त्रासाच्या औषधांवर गेला. मी कौसल्यासमोर रडले. ती म्हणाली, "रडून काय व्हतंय, ताई? आता नीट सांगा, बस."

तेच तुम्हालाही सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर कसा झाला ते विचारा. आणि कुणी गोळी दिली, मग तो गल्लीतला डॉक्टर असो, मोठा दवाखाना असो की मी, तर ती अंगात काय करते तेही विचारा. उत्तर मिळेपर्यंत उठू नका. आमच्याकडे जे प्रश्न विचारायला लाज वाटते, त्यांवरच असले भाऊ जगतात.

नव्या औषधाच्या पहिल्या दिवशी जानू तोंडाला मास्क लावून आला. बायकांची रांग होतीच. तो दारात थांबला नाही, सरळ टेबलापाशी येऊन मोठ्याने म्हणाला, "म्याडम, या गोळ्यांनी काय लाल व्हतं?"

रांगेत हशा पिकला. मी त्याचं कार्ड उलटं ठेवलं आणि त्याला खुर्ची दिली.

"लाल काही नाही. पायाला मुंग्या येतील, नाहीतर नजर अंधुक होईल. यातलं काहीही झालं की त्याच दिवशी यायचं. उद्या नाही."

"आन् साहेब आले असले तर?"

"तर साहेब बाहेर थांबतील," मी म्हणाले.