लिफ्टचा अर्धा विनोद

त्या सकाळी बाबा मिक्सर खोलून बसले होते. लिफ्टदुरुस्तीतून निवृत्त झाल्यापासून घरातलं धड चालणारं काही त्यांना बघवत नसे. मी डबा भरत होते.

“ऐका, बाईसाहेब. एक माणूस अंधारात लिफ्टमध्ये अडकतो. मेकॅनिकला फोन लावतो. विचारतो, किती वेळ लागेल हो? मेकॅनिक म्हणतो...”

इथे ते थांबले. ही त्यांची जुनी खोड. शेवटची ओळ संध्याकाळपर्यंत राखून ठेवायची. ती ऐकून मी हसायचं नाही, हा आमचा माझ्या लहानपणापासूनचा सामना. पोटात उकळ्या फुटत असल्या तरी माझा चेहरा दगडाचा. म्हणून तर मी बाईसाहेब.

“संध्याकाळी सांगा,” मी म्हटलं.

“तोवर कळ काढा.”

दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. मी पोचले तेव्हा मिक्सरचे स्क्रू बशीत तसेच होते. बाबा गेले होते.

माझं काम विनोदाचंच आहे. शेवटची ओळ काढलेला विनोद भाषेच्या एआय मॉडेलला द्यायचा. त्यानं तो पुरा करायचा, हसू का येतं ते सांगायचं, आणि आम्ही गुण द्यायचे. पुन्हा कामावर गेले तेव्हा मी बाबांचा विनोद दिला. मला ती ओळ हवी होती, कोणाकडूनही.

पहिल्या मॉडेलचा मेकॅनिक अडकलेल्या माणसाला दीर्घ श्वास घ्यायला सांगत होता. दुसऱ्याचा म्हणाला, वीस मिनिटं. तिसऱ्यानं लिहिलं:

“जरा सरका, बाईसाहेब. माझ्या पायावर उभ्या आहात.”

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं मान वाकडी करून वाचलं. “ओळ झकास आहे. पण तू माणूस दिला होतास ना? मग बाई कुठून आली? काप अर्धा गुण.”

“हं.”

“आणि तू हसलीस की नाही, तो रकाना भर. रिकामं ठेवलंस तर वरचे माझं डोकं खातील.”

मी काही भरलं नाही. तोच विनोद त्याच मॉडेलला पुन्हा दिला. या वेळी मेकॅनिक म्हणाला, वीस मिनिटं. आणखी एकदा दिला. वीस मिनिटं. ती ओळ परत आली नाही.

संध्याकाळी लिफ्टमध्ये मी एकटीच होते. दोन मजल्यांच्या मध्ये ती थांबली आणि दिवा गेला. मोबाईलसाठी पर्समध्ये घातलेला हात तिथेच राहिला. ग्रीसचा वास येत होता. लिफ्टमध्ये तो असतोच, पण इतक्या जवळून नाही.

मी कोणाला हाक मारली नाही. हळूच पाय उचलला आणि भिंतीकडे सरकले.

दिवा आला. लिफ्ट खाली निघाली.

पोटातून हसू वर आलं, आणि मी चेहरा आवरला नाही.

“हसले, बाबा,” मी मोठ्यानं म्हटलं. “आतल्या आत दर वेळी हसायचे. दर वेळी तुम्हीच जिंकलात.”