अर्धा इंच

“अहो, तो हातोडा ठेवा खाली.”

मिस्त्रींचा हात वरच राहिला. भाजीच्या वाफ्याशेजारी त्यांनी नुकतीच लाकडी मुलगी उभी केली होती. सहा वर्षांची, टाचा जुळवून, हनुवटी वर करून, उंची मोजून घेताना पोरं उभी राहतात तशी. आता तिच्या पायांपुढच्या पाटीवर नाव ठोकायचं बाकी होतं. तीन अक्षरं. तीन पोलादी ठसे फडक्यावर ओळीनं मांडलेले होते.

“अगं, सहा महिने खपलोय. बिननावाची कशी ठेवू?”

“मैना ठेवा, चिमणी ठेवा, काय वाट्टेल ते ठेवा. ते नाव तुमच्या हातानं नको.”

मिस्त्रींचा जन्म ओतकामाच्या कारखान्यात गेला. लोखंड ओतण्याआधी वाळूत दाबायचे लाकडी नमुने ते घडवत. एकदा भरदुपारी घरून निरोप आला, पोरीचा ताप उतरत नाही, असाल तसे या. “हातातला नमुना उरकतो नि निघतो,” असं त्यांनी सांगून पाठवलं. उरकायला दोन तास लागले. ते पोचले तेव्हा बायको इस्पितळाच्या बाकावर बसली होती, मांडीवर पोरीच्या चपला घेऊन. त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून घरात ते नाव कुणी उच्चारलं नाही. त्यावरून कधी भांडणही झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

बायको पदराला हात पुसत जवळ आली. तिनं लाकडी डोक्यावर तळवा ठेवला आणि लगेच उचलला.

“ही ती नाही. उंच आहे.”

“काहीतरीच! मोजूनमापून केलीय. तूच वाकलीयस आता.”

“मी वाकले असेन. चौकट नाही वाकली.”

दोघांनी धरून मुलगी स्वयंपाकघराच्या दारात आणली. चौकटीवर पेन्सिलीच्या चार रेघा होत्या. घराला तीनदा रंग दिला, पण तेवढी जागा बायकोनं रंगवू दिली नव्हती. लाकडी डोकं सगळ्यांत वरच्या रेघेच्या अर्धा इंच वर गेलं.

मिस्त्रींनी खिशातली पट्टी काढून उजेडात धरली आणि ते उंबऱ्यावर बसले.

“कारखान्यातली पट्टी आहे गं ही. लोखंड निवताना आकसतं, म्हणून हिच्यावरचा इंच केसभर मोठा असतो. चौकट मोजली घरच्या टेपनं, आणि लाकडावर आखताना... हात सवयीनं हिच्याकडेच गेला.”

“म्हणजे तेव्हाही कारखाना, आणि आताही कारखानाच.”

मिस्त्री उठले, करवत घेऊन आले. मुलीला आडवं केलं. “खालून अर्धा इंच काढतो,” म्हणाले. पायांची दहाही बोटं त्यांनी नखांसकट कोरली होती. करवतीचं पातं टाचेला लागलं.

“पायांना हात लावू नका.”

बायकोनं फळीवरची पेन्सिल घेतली. मुलीला पुन्हा चौकटीला टेकवून उभं केलं, डोक्यावर तळवा आडवा धरला आणि रेघ मारली. खालच्या रेघांपुढे वयं लिहिलेली होती. हिच्यापुढे पेन्सिल थोडा वेळ टेकून राहिली आणि काही न लिहिताच उचलली गेली.

“बावीस वर्षांत एवढीच वाढली,” ती म्हणाली.

मुलीला परत वाफ्याशेजारी नेऊन उभं केलं. मिस्त्री ठशांकडे पाहत घुटमळले.

“मग... नाव?”

“आज नको.”

बायको आत गेली. मिस्त्री तो ‘आज’ मनात घोळवत उभे राहिले. मग त्यांनी तिन्ही ठसे तेलाच्या फडक्यानं पुसले, गंज चढू नये म्हणून. डब्यात मात्र टाकले नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडून ठेवले, पहिलं अक्षर पहिलं.